कागद वाचला, पण लिहून कुठं ठेवला?

गेल्या महिन्यात गावाकडचे एक आबा माझ्याकडं आले. हातात नातवाचा मोबाईल, खिशात चष्मा. म्हणाले, "तू पेपरवाला हायेस, तुला कॉम्प्युटरचं कळतंय. ह्यात आमच्या आज्याचं नाव हाय का बघ बाबा. पोराच्या ॲडमिशनला दाखला लागतोय."

मोबाईलमध्ये एक पीडीएफ होती. कुठल्या कार्यालयाची, ते महत्त्वाचं नाही. पानं अडीचशेच्या वर. मी वरच्या भिंगावर बोट ठेवलं, आडनाव टाकलं. उत्तर आलं, शून्य. गावाचं नाव टाकलं. शून्य. आबांचा चेहरा पडला. "म्हंजे न्हाईच का नाव?"

"तसं नाही आबा," मी म्हणालो. "ह्या फाईलमध्ये कुणाचंच नाव नाही. एक अक्षरसुद्धा नाही. नुसते फोटो आहेत."

मग आम्ही दोघं बसलो आणि एकेक पान बोटानं मोठं करून वाचत गेलो. दोन तासांनी नाव सापडलं. आज्याचं नाव, आज्याच्या बापाचं नाव, गाव, सगळं बरोबर. फक्त आडनावातला एक काना गायब. म्हणजे फाईलमध्ये अक्षरं असती तरी माझ्या पहिल्या सर्चला ते सापडलं नसतंच. त्या दोन तासांत डोक्यात जे आलं ते आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण तो तुमच्या-माझ्या घरातल्या कागदाचा आहे.

आधी थोडी उजळणी. 29 ऑगस्ट 2023 ला अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. त्यानंतर 7 सप्टेंबरला सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या, असं काम. आपला जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळं जुना कागद कधी मोडीत, कधी उर्दूत, कधी फारसीत. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना 14 चं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, 1951 चं नागरिक रजिस्टर. रेकॉर्ड रूममधली वर्षानुवर्षं न सुटलेली लाल कापडाची गाठोडी सुटली. समितीला हैदराबादलाही जावं लागलं.

ऑक्टोबर 2023 च्या शेवटी पहिला अहवाल आला तेव्हा सरकारनं आकडा सांगितला होता. 1 कोटी 72 लाखांच्या आसपास कागद तपासले, त्यात 11,530 कुणबी नोंदी सापडल्या. पुढं शोध राज्यभर गेला आणि आकडे वाढत गेले. पण मी ह्या पहिल्या आकड्यापाशीच थांबतो, कारण त्यातच सगळी गोष्ट आहे.

11,530 नोंदी सापडल्या, त्यांचे स्कॅन झाले, याद्या झाल्या, लोकांना दाखले मिळू लागले. चांगली गोष्ट आहे. पण बाकीच्या पावणेदोन कोटी कागदांचं काय झालं? ते कुणीतरी डोळ्यांनी वाचले ना? मोडी येणारा माणूस शोधून आणला, उर्दू वाचणारा बसवला, त्यानं ओळीवरून बोट फिरवलं, "कुणबी" शब्द नाही म्हणून पान उलटलं. झालं. त्या पानावर कोण होतं, कुठल्या सर्व्हे नंबरात होतं, कुळ कोण, मालक कोण, इनाम कुणाचं, ते त्या माणसानं वाचलं. पण ते कुठंच लिहून ठेवलं नाही. कागद परत गाठोड्यात गेला.

एका शब्दासाठी आपण पावणेदोन कोटी पानं वाचली आणि तो एक शब्द सोडून सगळं विसरून गेलो. उद्या दुसरा प्रश्न आला, म्हणजे इनाम जमिनीचा, महार वतनाच्या जमिनीचा, देवस्थानच्या जमिनीचा, एखाद्या भटक्या जमातीच्या रहिवासाच्या पुराव्याचा, की तीच गाठोडी पुन्हा सोडायची. कागद दरवेळी थोडा आणखी तुटणार. मोडी वाचणारी माणसंही दरवर्षी कमी होणार.

आता कुणी म्हणेल, "अहो, सगळं ऑनलाइन झालंय की." इथंच आपली फसगत होते. फोटो काढून वेबसाईटवर टाकणं ही एक गोष्ट. त्यातला मजकूर डेटाबेसमध्ये ठेवणं ही पूर्ण वेगळी गोष्ट.

डेटाबेस म्हणजे काय ते आपल्या लोकांना शिकवायची गरज नाही, कारण तलाठ्याचं दप्तर म्हणजे तेच. आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण दप्तर तेच. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, खातेदाराचं नाव असतं, आणि एक छोटा आकडा गोलात असतो, फेरफार नंबर. जमीन ह्या माणसाकडं कशी आली, वारसानं की खरेदीनं, कोण मयत, कोण वारस, साक्ष कुणाची, ही सगळी लांबलचक कहाणी सातबाऱ्यावर लिहीत नाहीत. ती गाव नमुना 6 मध्ये असते. सातबाऱ्यावर फक्त नंबर. नंबर धरून जा, कहाणी सापडते.

1970 मध्ये आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड नावाच्या माणसानं कॉम्प्युटरसाठी हीच मांडणी सांगितली. माहितीची वेगवेगळी टेबलं करा, प्रत्येक ओळीला ओळख द्या आणि त्या ओळखीनं टेबलं एकमेकांना जोडा. त्यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. लांब मजकुराचंही तंत्र तेच. पोस्टग्रेस नावाचा एक फुकट मिळणारा डेटाबेस आहे, जगभर वापरतात. त्यात टेबलाचं एक पान 8 केबीचं असतं. एखादी ओळ साधारण 2 केबीच्या पुढं गेली की तो मजकूर आधी दाबून लहान करतो, तरी मावला नाही तर शेजारच्या वेगळ्या टेबलात नेऊन ठेवतो आणि मूळ ओळीत फक्त खूण ठेवतो. गोलातला फेरफार नंबरच की हो!

म्हणजे "एवढा मोठा मजकूर डेटाबेसमध्ये कसा मावेल?" ही भीती फुकाची आहे. हिशोब करून बघू. एका पानावर 2,000 अक्षरचिन्हं धरा. देवनागरीचं एक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत 3 बाइट घेतं. म्हणजे पान झालं 6 केबीचं. 1 कोटी 72 लाख पानं गुणिले 6 केबी, साधारण 103 जीबी. माझ्या खिशातल्या मोबाईलची मेमरी 128 जीबी आहे. अख्ख्या पावणेदोन कोटी पानांचा मजकूर त्या मापात बसतो. त्याच पानांचे फोटो, एक फोटो 1 एमबीचा धरला तरी, 17,000 जीबीच्या पुढं जातात. आपण जड ते साठवलं आणि हलकं, उपयोगाचं ते सोडून दिलं.

मात्र "टाका डेटाबेसमध्ये" म्हणून एखाद्या एजन्सीला टेंडर दिलं की काम झालं, असंही नाही. ह्यात काही खड्डे आहेत. त्यातल्या काहींत मी स्वतः पडलोय.

पहिला खड्डा रकान्याच्या लांबीचा. मी एकदा एका ऑनलाइन फॉर्ममध्ये गावच्या पाण्याची तक्रार सविस्तर लिहिली. पावतीत बघतो तर अर्धं वाक्य, पुढचं गायब. रकानाच तेवढा होता, आणि यंत्रानं ब्र न काढता कापून टाकलं होतं. ऑरॅकल नावाच्या मोठ्या डेटाबेसमध्ये साध्या मजकुराच्या रकान्याची नेहमीची मर्यादा 4,000 बाइट. इंग्रजीत ती 4,000 अक्षरं होतात. मराठीत 1,333 चिन्हंच. "कुणबी" हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण यंत्राला क, उकार, ण, ब, ईकार अशी पाच चिन्हं दिसतात, म्हणजे 15 बाइट. इंग्रजीचं माप धरून रकाना आखला तर आपली वारस नोंद तिसऱ्या वारसाच्या नावावर तुटते. चौथा वारस गेला! लांब मजकुरासाठी वेगळे प्रकार प्रत्येक डेटाबेसमध्ये आहेत. ते मागून घ्यायचे असतात, आणि मागायला माहिती लागते.

दुसरा खड्डा फॉन्टचा. मी उमेदवारीच्या काळात ज्या दैनिकात होतो तिथं सगळ्या बातम्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप व्हायच्या. आज ती फाईल उघडली तर वेडीवाकडी चिन्हं दिसतात. मी स्वतः लिहिलेली बातमी मला वाचता येत नाही. कारण यंत्रात मराठी कधी साठवलीच नव्हती. इंग्रजी चिन्हांना मराठी मुखवटा चढवला होता, मुखवटा गेला आणि मजकूर गेला. जिल्ह्यातल्या कितीतरी कार्यालयांत त्या काळात टाइप केलेल्या फाईली अशाच पडून असतील.

मोडीची गोष्ट त्याहून मजेची. 2014 मध्ये मोडी लिपी युनिकोडमध्ये आली, म्हणजे मोडी मोडीतच साठवता येते. पण तिच्या एका चिन्हाला 4 बाइट लागतात. मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस खूप ठिकाणी वापरतात. त्यातल्या जुन्या "यूटीएफ 8" पर्यायात एका चिन्हाला 3 बाइटच मिळतात. तिथं मोडी बसत नाही. दुसरा पर्याय आहे, तो निवडावा लागतो. एका सेटिंगनं आख्खी लिपी आत किंवा बाहेर होते.

तिसरा खड्डा शोधण्याचा. आमच्या आबांचा काना आठवा. जुन्या नोंदीत कुठं कुणबी, कुठं कुनबी, कुठं नुसतं "कु." लिहिलेलं. मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, दोन शब्दांत जागाही सोडत नसत. आजच्या टायपिंगमध्येही "शेतकऱ्याचा" ह्या शब्दातला तो अर्धा र यंत्रात दोन-तीन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्याला सगळे सारखे दिसतात, यंत्राला वेगळे. म्हणून मूळ लिहिलंय तसं एका रकान्यात, देवनागरीतलं वाचन दुसऱ्यात, आणि शोधण्यासाठी सारखं केलेलं रूप तिसऱ्यात, असं ठेवावं लागतं. मूळ कधी "सुधारायचं" नाही.

तारखेचंही तसंच. निजामाच्या कागदावर फसली साल असतं, महिने आजूर, दय, बहमन असे. फसली 1357 म्हणजे इसवी 1947-48 च्या आसपास. डेटाबेसचा तारखेचा रकाना "बहमन 1340 फसली" घेणारच नाही. मग भरणारा मुलगा काय करतो? 01/01/1900 टाकतो अन् पुढं जातो. जिथं 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, तिथं तारखेचा असा खेळ म्हणजे कुणाच्या तरी पोराची सीट.

गावाच्या नावाचंही बघा. जुन्या काळी जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला होतं. मग उस्मानाबाद. 1982 मध्ये लातूर वेगळा झाला, म्हणजे त्याआधीचा लातूरकडचा कागद आपल्या जिल्ह्याच्या नावानं निघतो. 2023 मध्ये आपण धाराशिव झालो. यंत्रात "धाराशिव" टाकून शोधलं तर उस्मानाबाद लिहिलेलं सापडणार नाही. म्हणून गावाचं एक वेगळं टेबल हवं. त्यात गावाला एक कायमचा क्रमांक, आणि त्याच्यापुढं कुठल्या साली ते कुठल्या तालुक्यात, कुठल्या जिल्ह्यात होतं त्याच्या ओळी.

आता एक नाजूक मुद्दा. आरक्षण कुणाला मिळावं, ही ह्या पोस्टची गोष्ट नाही. माझ्या यादीत मराठा मित्र आहेत, ओबीसी मित्र आहेत, दोघांच्या पोस्टखाली मी रोज भांडणं बघतो. एक म्हणतो, "आमच्या नोंदी दडवल्या." दुसरा म्हणतो, "खाडाखोड करून नोंदी घुसवल्या." दोघांनाही माझा एकच प्रश्न आहे. तुम्ही तपासणार कसं? फोटोंच्या ढिगाऱ्यात दडवणंही सोपं आणि घुसवणंही सोपं. मजकूर टेबलात आला, प्रत्येक ओळीला मूळ पानाचा फोटो जोडलेला असला, वाचलं कुणी आणि कधी ते नोंदलेलं असलं, तर दोघंही एकाच पानावर बोट ठेवून बोलू शकतील. 2 सप्टेंबर 2025 च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयानं चौकशी गावपातळीवरच्या समितीकडं आणलीय. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. हे तिघे जण काय बघून ठरवणार? मोबाईलवरचे फोटोच ना?

काही मित्र म्हणतील, यंत्रातला मजकूर बदलता येतो, कागद बदलता येत नाही. शंका रास्त आहे. त्याचं उत्तरही आपल्या फेरफारातच आहे. फेरफार नोंद झाली की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. जुनी नोंद खोडरबरनं पुसत नाहीत, नवी नोंद करतात आणि जुनीला कंस करतात. वाचनाचंही तसंच करा. एकानं वाचलं, दुसऱ्यानं पडताळलं, चूक निघाली तर नवी ओळ, जुनी जागच्या जागी. आणि प्रत्येक फोटोचा गणितानं काढलेला "अंगठा" टेबलात ठेवा. फोटोतला एक ठिपका जरी बदलला तरी अंगठा जुळत नाही.

दुसरी शंका खासगीपणाची. सगळ्यांची नावं, जाती, जमिनी एका सर्चमध्ये उघड्या करायच्या का? नाही. जुन्या नोंदी खुल्या, अलीकडच्या माणसांच्या फक्त त्या कुटुंबाला आणि अधिकाऱ्याला, असं ठरवता येतं. टेबलात कुणी काय बघायचं ते ठरवता येतं. एकदा फॉरवर्ड झालेल्या पीडीएफवर कुणाचंच नियंत्रण राहत नाही.

तिसरी शंका खर्चाची, आणि ती खरी आहे. हाताचं लिखाण, त्यातून मोडी आणि घसटती उर्दू, यंत्र अजून भरवशानं वाचत नाही. माणूस लागतो. एका माणसानं दिवसाला 20 पानं वाचून टाइप केली तर पावणेदोन कोटी पानांना साडेआठ लाखांहून जास्त दिवस लागतील. एका वर्षात होणारं हे काम नाही. म्हणून माझं मागणं छोटं आहे. सरकारी माणूस ज्या कारणानं जे पान उघडेल, त्याच वेळी त्या पानाच्या चार गोष्टी, गाव, साल, माणसांची नावं आणि कागदाचा प्रकार, टेबलात लिहूनच ते पान बंद करायचं. पूर्ण मजकूर पुढं जमेल तसा. सुरुवात सगळ्यात जीर्ण कागदापासून. आपल्याच शहरात विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, महाविद्यालयांत इतिहासाचे विभाग आहेत. पोरांना मोडी शिकवा, मानधन द्या, हे काम द्या.

आणि एक गोष्ट विसरू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आपल्या लोहारा-उमरग्याकडची गावं जमीनदोस्त झाली. माणसं गेली, घरं गेली आणि पेटीतले कागदही गेले. त्या घरांतल्या पोरांना आजोबा सिद्ध करायला सरकारी दप्तर सोडून दुसरं काय आहे? त्या दप्तराचीही एकच प्रत असेल तर आपण अजून 29 सप्टेंबरच्या रात्रीच झोपलेलो आहोत.

म्हणून आपल्या आठही तालुक्यांतल्या लोकप्रतिनिधींना, आणि मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, एवढंच विचारा. "किती कागद स्कॅन केले" हा आकडा सांगू नका. "किती पानांचा मजकूर शोधता येतो" तो सांगा.

आबांचं पुढं काय झालं? सापडलेल्या पानाचा नंबर मी कागदावर लिहून दिला. त्यांनी तो घडी करून पाकिटात ठेवला, पैशाच्या कप्प्यात. जाताना म्हणाले, "आता दुसऱ्या नातवाला लागला तर परत दोन तास बसायला नको."

एका म्हाताऱ्या माणसाला जे कळलं ते राज्याच्या यंत्रणेला कळायला हवं. एकदा वाचलं की लिहून ठेवायचं, आणि परत सापडेल अशा जागी ठेवायचं.

तुमच्याकडं जुने कागद शोधतानाचा अनुभव असेल तर खाली लिहा. कुणाचं नाव, सर्व्हे नंबर मात्र टाकू नका. पटलं तर गावच्या ग्रुपवर पाठवा.